विजयमाला सिस्टरांचे तीन शब्द

सांगलीच्या गावभागात, घाटाकडे उतरणाऱ्या एका अरुंद बोळात विजयमालाबाई राहतात. वय एकसष्ट, अंगकाठी शेलाटी, गळ्यात तुळशीची माळ. बोळातले लहानथोर त्यांना ‘सिस्टर’ म्हणतात आणि निवृत्तीला तीन वर्षे उलटली तरी ते संबोधन सुटलेले नाही. एका मिशनच्या दवाखान्यात, प्रसूतिविभागात, त्यांनी अडतीस वर्षे परिचर्या केली. पहाटेचे विष्णुसहस्रनाम आणि पाळीच्या आरंभी दवाखान्यात म्हटली जाणारी ख्रिस्ताची प्रार्थना, दोन्ही त्यांना सारखीच मुखोद्गत. एकीने दुसरीला कधी धक्का दिल्याचे ऐकिवात नाही. यजमान हळदीच्या वखारीत दिवाणजी होते. ते गेले. पोटी संतान नव्हते. पण ज्या कानांनी शेकडो जीवांचा पहिला टाहो ऐकला, त्यांना निःसंतान म्हणण्याचे धाडस कोण करील?

त्यांचे बोलणे मात्र फार तुटक. प्रसूतिगृहात पाल्हाळ चालत नाही. ‘गरम पाणी आण.’ ‘पाय धर तिचे.’ ‘आता जोर कर.’ अशा तीन-तीन शब्दांत त्यांनी आयुष्यभर जगाचे दार उघडून दिले, आणि तीच सवय घरीदारीही अंगवळणी पडली. तासगावजवळच्या गावी राहणारे त्यांचे धाकटे बंधू लालासाहेब जगदाळे म्हणत, “आमच्या आक्काचं बोलणं म्हंजे जुन्या काळची तार. शबुद वाढला की दर वाढतोय.”

लालासाहेब फौजेतून हवालदार होऊन परतलेले. चार एकर द्राक्षबाग, शेजारी बेदाण्याचे शेड. पत्नी रंगुबाई. एकुलता मुलगा वीरधवल, तोही फौजेतच. नऊ वर्षांपूर्वी, पौषातल्या एका गारठलेल्या पहाटे, वीरधवलची पत्नी संयोगिता दिवस भरण्याआधीच अडली. दवाखान्याची गाडी वाटेवर होती; पण बाळ गाडीसाठी थांबले नाही. संक्रांतीला म्हणून माहेरी आलेल्या विजयमालाबाईंनी ते आपल्या हातांवर घेतले. मुलगी झाली. आणि त्याच घटकेला उत्तर सीमेवरून दूरध्वनी आला. वीरधवलची गाडी दरीत कोसळली होती.

जन्म आणि मरण यांच्यामध्ये त्या घराला श्वास घेण्याइतकेही अंतर मिळाले नाही. बाळबाळंतीण दवाखान्यातून साताऱ्याच्या अंगाला, कराडला, संयोगिताच्या माहेरी गेली आणि तिकडचीच झाली. आधी सुतकाचे निमित्त झाले, मग थंडीचे, मग शाळेचे. मुलीचे नाव सृष्टी. वर्षातून एकदा, वडिलांच्या तिथीला, संयोगिता तिला घेऊन येई. पान वाढले जाई. आणि दिवस कलण्यापूर्वी मायलेकी परत जात. गावात त्या मुलीविषयी एक शब्द फिरत असे. ‘पांढऱ्या पायाची.’ जिच्या पावलांनी घराचे वाटोळे होते, तिच्यासाठी आपल्या भाषेने घडवलेला हा शब्द. विजयमालाबाईंनी तो एका लग्नघरी ऐकला. पण तो प्रथम कोणाच्या मुखातून निघाला, हे त्यांनी कधी विचारले नाही. पुत्रशोकाने करपलेल्या वहिनीच्या व्रणावर बोट कसे ठेवावे? त्या गप्प राहिल्या. गप्प राहणे त्यांना तसेही अवघड नव्हते.

गेल्या वर्षी आषाढात त्यांच्याबरोबर निवृत्त झालेल्या सुवार्ताबाई सकाळीच दारात आल्या. सुवार्ताबाई सांगलीच्या चर्चमधल्या. दोघींची मैत्री चाळीस वर्षांची.

“विजू, काँगो देशात आमच्या चर्चच्या ओळखीचं एक घर आहे. टाकून दिलेल्या मुलांचं. सहा महिन्यांसाठी नर्सा हव्यात, बिनपगारी. मी निघालेय. तू चल.”

“भाषा कुठली तिथं?”

“ताप कुठल्या भाषेत येतो गं?”

विजयमालाबाईंनी पारपत्राचे कागद शोधायला घेतले.

गावी निरोप घ्यायला गेल्या तेव्हा लालासाहेबांनी बंडीच्या खिशात हात घालून गंभीर चेहरा केला. “आक्का, बाटवून धाडतील बघ तुला.”

“अडतीस वर्सं त्यांच्या दवाखान्यात भाकरी खाल्ली. बाटायची असते तर तवाच बाटले असते.”

“तसं न्हवं गं. शांतिसेनेत असताना मी वरीसभर तिकडं काढलंय. माणसं लय मायाळू. पर पोरांचं लय हाल. बघवायचं न्हाई तुला.”

“बघायलाच चाललेय,” त्या म्हणाल्या.

रंगुबाईंनी चटणीचा एक डबा आणि वाळक्या लाल मिरच्यांची पुडी त्यांच्या पिशवीत कोंबली. “ऱ्हाऊ द्या वन्सं. तिकडची आळणी भाजी घशाखाली उतरायची न्हाई तुमच्या.”

निघण्याच्या आदल्या दिवशी कराडहून संयोगिताचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ती थांबली, मग म्हणाली, “आत्या, सृष्टी परवा विचारत होती. त्या घरात आपण जेवतो, मग झोपत का नाही? मला काही सांगता आलं नाही. तिला एकदा तिच्या वडलांच्या घरात नांदू द्या. आईंच्या कानावर तुम्ही शब्द घाला. तुमचं त्या ऐकतील.”

विजयमालाबाईंनी खिडकीतून समोरच्या भिंतीकडे पाहिले. “आल्यावर बघते मी,” एवढेच त्या म्हणाल्या. मग विमानात बसल्यावर ते वाक्य त्यांना टोचत राहिले. तीन शब्दांत त्यांनी एका लेकराला सहा महिने उंबऱ्याबाहेर ठेवले होते.

ते मुलांचे घर एका मोठ्या शहराच्या कडेला, तांबड्या मातीच्या उतारावर होते. पत्र्याचे छप्पर, केळीची राई, आवारात एक छोटेसे चर्च. चाळीस-पंचेचाळीस मुले. तिथे प्रौढ स्त्रीला आदराने ‘मामा’ म्हणतात. पहिल्या दिवशी चहूबाजूंनी ‘मामा, मामा’ असा कल्लोळ उठला तेव्हा विजयमालाबाई कितीतरी दिवसांनी खळखळून हसल्या. “अरे, मी आत्या,” त्या छातीवर हात ठेवून सांगू लागल्या. “मामा कराडला असतो!” मुलांना काही कळले नाही; पण हसणारी म्हातारी त्यांना आवडली. ‘आतिया’ हे नाव आठवड्याभरात रुळले.

त्या मुलांत फुराहा नावाची आठ वर्षांची एक मुलगी होती. तिकडच्या भाषेत तिच्या नावाचा अर्थ आनंद. पण ही पोर कधी हसत नसे. तिच्या डोळ्यांच्या कडा सदैव लाल. ती सर्वांच्या शेवटी जेवी, आणि तान्ह्या मुलांपासून दहा हात लांब बसे. कोणी बाळ रांगत तिच्याकडे आलेच तर उठून निघून जाई. विजयमालाबाईंचे मन नेमके तिच्यावर जडले. त्या तिचे केस विंचरीत. शेंगा सोलताना तिला शेजारी बसवीत. दोन महिन्यांनी ती पोर त्यांच्या पदराचे टोक बोटाला गुंडाळून बसू लागली.

मग तिला ताप भरला. तिकडचा हिवताप मोठा क्रूर. विजयमालाबाईंनी औषधे दिली, अंग पुसले, चमच्या-चमच्याने पाणी पाजले. तिसऱ्या दिवशी दुपारी ताप उतरला. पोर ग्लानीतून बाहेर येत होती; चेहरा सुकलेल्या फुलासारखा झाला होता. तिच्याकडे पाहता पाहता विजयमालाबाईंना वाटले, हिला कोणाची तरी दृष्ट लागली आहे.

औषध आणि दृष्ट यांत त्यांना कधी विरोध वाटला नव्हता. औषध देहासाठी, दृष्ट काढणे आपल्या मायेसाठी. दवाखान्यातही, डॉक्टरांची पाठ वळली की, एखाद्या किरकिऱ्या बाळावरून त्या मूठभर मीठ ओवाळून टाकीत. त्या स्वयंपाकघरात गेल्या. मीठ घेतले. रंगुबाईंच्या पुडीतल्या पाच लाल मिरच्या घेतल्या. मूठ मिटली आणि खाटेपाशी येऊन, ओठांतल्या ओठांत ‘इडापिडा टळो’ म्हणत, ती मूठ मुलीच्या मुखावरून ओवाळण्यासाठी पुढे केली.

बोटांच्या फटीतून मिरचीची लाल शेपटी डोकावत होती. फुराहाची दृष्टी तिच्यावर पडली.

त्यानंतर जो आवाज त्या खोलीत उठला, तसा आवाज अडतीस वर्षांच्या प्रसूतिगृहात विजयमालाबाईंनी ऐकला नव्हता. ती पोर खाटेवरून खाली कोसळली, सरपटत खाटेखाली गेली, भिंतीला पाठ लावून दोन्ही तळव्यांनी डोळे दाबून धरले. आणि तिच्याखाली फरशीवर पाण्याचे एक थारोळे पसरत आले. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. विजयमालाबाईंना त्यातले अक्षर कळत नव्हते. त्या मिटल्या मुठीने उभ्याच राहिल्या.

त्या घराची मुख्य जोसेफिन धावत आली. तिने प्रथम मुलीकडे पाहिले, मग त्या मुठीकडे; आणि झटकन विजयमालाबाईंचा हात धरून त्यांना बाहेर नेले. व्हरांड्यात उभी राहून, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, तिने जे सांगितले ते असे.

फुराहाच्या घरी दोन तान्ही भावंडे लागोपाठ दगावली. मावशी म्हणाली, हिनेच खाल्ली. ही चेटकीण आहे. वस्तीच्या कडेला, कोणत्याही चर्चने न नेमलेला, नुसता ग्रंथ बगलेत मारून हिंडणारा एक भोंदू होता. घरच्यांनी मुलीला त्याच्याकडे नेले. त्याने तिला तीन दिवस उपाशी कोंडले, आणि तिच्या आत दडलेल्याने बोलावे म्हणून तिच्या डोळ्यांत मिरची चोळली. अखेर आईनेच तिला इथे आणून सोडले.

“ती आता काय म्हणत होती?” विजयमालाबाईंनी विचारले.

“म्हणत होती, मी कबूल करते. सगळं कबूल करते.”

विजयमालाबाई तिथेच पायरीवर बसल्या. ज्या कृतीत त्यांच्या आईने, आजीने, आणि त्यांच्याही आजीने आपले सारे वात्सल्य ओतले होते, ती कृती एका बालकाच्या डोळ्यांना साक्षात यातनेच्या रूपात दिसली होती. हात तोच, मिरची तीच, आणि अर्थ? अर्थ हातात नसतो, तो समोरच्याच्या स्मृतीत असतो, हे एकसष्टाव्या वर्षी कळावे! सुवार्ताबाई शोधत आल्या तेव्हा त्या नळाखाली उजवा हात धरून, साबणावर साबण घासत होत्या. तळवा सोलवटला होता.

“पुरे आता, विजू.”

“सुवार्ता, पोटच्या लेकराला असं कोण करतं गं? आपल्याकडं असलं न्हाई.”

जवळच उभ्या असलेल्या जोसेफिनने, भाषा कळली नाही तरी, त्यांचा स्वर ओळखला असावा. तिने कसलाही खोचकपणा न करता विचारले, “तुमच्या देशात घराबाहेर ठेवलेलं एकही मूल नाही?”

“नाही,” विजयमालाबाई ठामपणे म्हणाल्या.

फुराहा पुढे तीन आठवडे त्यांच्या जवळ आली नाही. त्यांनीही तिच्यामागे लागणे सोडले. रोज दुपारी त्या व्हरांड्यात दोन्ही हात उघडे, तळवे वर करून मांडीवर ठेवून नुसत्या बसत. एके दुपारी ती आली. उघड्या तळव्यांकडे तिने पुष्कळ वेळ पाहिले, एकाचा वास घेतला, आणि मग शेजारी टेकली. जोसेफिन धुणे वाळत घालीत होती. तिला ती काहीतरी म्हणाली.

“विचारते आहे,” जोसेफिनने सांगितले, “रविवारी तिची आई तिला भेटायला येते, इथं तिच्याबरोबर जेवते, मग तिला झोपायला घरी का नेत नाही?”

विजयमालाबाईंच्या कानांत ते वाक्य कराडच्या आवाजात वाजले. आपण जेवतो, मग झोपत का नाही. ‘नाही’ म्हणून त्यांनी जोसेफिनला दिलेले उत्तर त्यांच्याच तोंडावर येऊन आपटले. जिला या जगात त्यांनी स्वतःच्या हातांनी आणले होते, तिचे नाव त्यांना त्या क्षणी आठवले नव्हते. त्या मुलीला घराबाहेर ठेवले आहे, हेच त्यांच्या मनाने कधी नोंदले नव्हते. ‘आल्यावर बघते’ म्हणणारी ती बाई कोण होती, हे त्यांना ओळखता येईना.

मुदत पूर्ण करून त्या माघात परतल्या. सांगलीत पिशव्या टाकल्या आणि दुसऱ्याच दिवशी तासगावच्या गाडीत बसल्या.

बेदाण्याच्या शेडमध्ये निवडणीचे काम चालू होते. पाच-सहा बायका मांडी घालून बसल्या होत्या. रंगुबाईंच्या शेजारी धोंडुबाई. या घरी वर्षानुवर्षे राबणारी, त्या पौषातल्या पहाटे बाळंतिणीच्या खोलीत हाताखाली असलेली तीच धोंडुबाई. नणंद दिसताच रंगुबाई पदराला हात पुसत उठल्या.

“या वन्सं! लय वाळला की वो. मिरची पुरली का?”

“पुरली,” विजयमालाबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या. “वैनी, बोलायचंय.”

“बोला की. तुमच्या बोलण्याला काय लय येळ लागतोय!”

बायका हसल्या. पण त्या दिवशी विजयमालाबाई बोलल्या त्या अर्धा तास. आयुष्यात इतके सलग त्या कधी बोलल्या नसतील. त्यांनी फुराहाचे सारे सांगितले. दोन भावंडांचे मरण, मावशीचा तो एक शब्द, कोंडलेली खोली, डोळ्यांतली मिरची, आणि ती मूठही त्यांनी लपवली नाही. बेदाण्यावरचे हात थांबले. एक बाई “आगं आई गं” म्हणून तोंडावर पदर धरून बसली. रंगुबाईंच्या डोळ्यांना धार लागली.

“कसली म्हणायची ती मावशी?” त्या कडाडल्या. “जीभ झडली कशी न्हाई तिची? लेकराच्या हातनं का मरण येतं व्हय? अशीला चपलंनं हाणावं.”

विजयमालाबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. “वैनी, आपुन सृष्टीला काय म्हणतो?”

एकदोघींनी मान खाली घालून पुन्हा बेदाणे चिवडायला घेतले.

“तिला घरी आणायचं,” विजयमालाबाई म्हणाल्या. “आणि आणायच्या आधी मला एक कळाय पायजे. त्यो शबुद तिच्या कपाळी पैल्यांदा कुणी लावला? त्या बाईचं तोंड बघायचंय मला. नऊ वर्सांत इचारलं न्हाई, आज इचारते.”

रंगुबाईंचे डोळे विस्फारले. त्या कितीतरी वेळ नणंदेच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत राहिल्या.

“वन्सं, थट्टा करताय का माझी?”

“न्हाई.”

“आवं, तुमीच की!”

“मी?”

“तुमी न्हाई तर कोण? दार लोटलेलं व्हतं. मी उंबऱ्याभाईर बसलेवते, द्येवाचं नाव घेत. आतनं लेकराचं रडणं आलं, आन त्याच्यामागं तुमचा आवाज. ‘पाय पांढरे पडलेत.’ माझ्या ह्या कानांनी ऐकलं. आन तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला. गावातली कोण बोलली असती, तर झिंज्या उपटल्या असत्या मी तिच्या. पर तुमी बोलला. शिकलेल्या. शंभरानं बाळतपणं केलेल्या. म्हटलं, ह्यांना पाय बघून कळत असंल. आन लगीच कळलंच की मला!”

विजयमालाबाईंनी धोंडुबाईकडे पाहिले. धोंडुबाई मान खाली घालून पुटपुटली, “म्हणाला व्हता की तुमी आक्का. मलाच म्हणाला व्हता. पाय पांढरे पडलेत, फडकं शेकून आण, असं. मी चुलीकडं पळाले.”

ती पहाट विजयमालाबाईंसमोर जशीच्या तशी उभी राहिली. दाराच्या फटीतून शिरणारा गारवा. दिवस भरण्याआधी आलेले, मुठीएवढे लेकरू. आणि त्याची दोन पावले, मुळ्यासारखी पांढरी, बर्फासारखी गार. रक्त पोचत नव्हते. त्यांनी ती पावले आपल्या तळव्यांत घेऊन चोळली होती, फुंकर घातली होती, हळूहळू त्यांवर गुलाबी छटा चढताना पाहिली होती. मग दवाखान्याची गाडी आली. बाळबाळंतिणीला घेऊन त्या तशाच सांगलीला गेल्या. मागे अंगणात काय कोसळले, आणि आपले तीन शब्द कोणी उचलून कोठे ठेवले, हे त्यांनी पाहिलेच नव्हते.

शास्त्रकार सांगतात की एकाच शब्दातून दोन अर्थ निघाले तर तो श्लेष, आणि तो वाणीचा अलंकार. पण हा अलंकार एका नवजात बालिकेच्या पायांत बेडी होऊन बसेल, हे कोणत्या शास्त्रकाराच्या स्वप्नात आले असेल? दाराच्या आत तो शब्द रंगाचा होता. उंबरा ओलांडताच तो दैवाचा झाला. मधे होते ते फक्त लोटलेले दार.

“वैनी,” विजयमालाबाई म्हणाल्या. “पाय गार पडलेवते लेकराचे. थंडीनं. रक्त पोचत नव्हतं. पांढरे म्हंजे, पांढरे. रंगानं.”

“रंगानं?”

“रंगानं.”

हातातला बेदाणा रंगुबाईंनी चुरून टाकला होता, हेही त्यांच्या ध्यानात नव्हते. नऊ वर्षे ज्या भिंतीला टेकून त्या बसल्या होत्या, ती भिंतच कोणीतरी काढून घेतली होती. पुत्र का गेला, या प्रश्नाला त्यांच्यापाशी एक उत्तर होते. वाईट, कडू, पण उत्तर होते. अखेर त्यांनी वर पाहिले.

“मग माझा लेक कशानं गेला?”

“रस्ता खचला, वैनी.”

“नुसता रस्ता?”

“नुसता रस्ता.”

तेव्हा रंगुबाईंनी जो हंबरडा फोडला, तो ऐकून लालासाहेब बागेतून धावत आले. नऊ वर्षांपूर्वी हा हंबरडा फुटलाच नव्हता, असे धोंडुबाई नंतर सांगत होती. तेव्हा बाईसाहेब नुसत्या दगडासारख्या बसून होत्या म्हणे. काय झाले हे कळायला लालासाहेबांना वेळ लागला. कळल्यावर ते शेडच्या खांबाला धरून उभे राहिले. “आक्का,” ते इतकेच म्हणाले, “येवढीशी तार... आन कुठल्या पत्त्यावर गेली गं!”

रंगुबाईंचा आवेग ओसरला, तो संतापात बदलला. “नऊ वर्सं कुठं व्हता तुमी? एकदा इचाराय काय झालंवतं?”

“चुकलं माझं. मी इचारलं न्हाई.”

“आन मी तरी कुठं इचारलं?” रंगुबाई म्हणाल्या आणि एकाएकी शांत झाल्या. “आवं, उद्याच्याला गाडी काढा. कराडला जायचंय.”

दुसऱ्या दिवशी कराडच्या त्या घरात संयोगिताने सारे ऐकून घेतले. ती रडली नाही. भिंतीला टेकून उभ्या उभ्याच तिने विचारले, “आई, दोन दिवसांसाठी नेताय, की राहायला?”

रंगुबाईंना तिच्या डोळ्याला डोळा देता येईना. “तिला ठरवू दे. न्हाई पटलं तर मी सोताच आणून सोडीन.”

सृष्टी वाटभर गाडीत खिडकीशी बसून होती. सडपातळ, आत्याआजीसारखीच अबोल. दप्तर तिने मांडीवर घट्ट धरले होते. तासगाव मागे पडले, बागा दिसू लागल्या, आणि उन्हे कलत असताना गाडी अंगणात येऊन थांबली. पुढच्या दारात धोंडुबाईने पाण्याचा तांब्या आणि भाकरतुकडा तयार ठेवला होता. सगळे उतरले, पायऱ्यांकडे निघाले. सृष्टी मात्र तुळशीपाशीच थांबली. दप्तर सावरत, अगदी सहज, कोणताही रुसवा आवाजात न आणता, तिने विचारले,

“आजी, मी मागच्या दारानं येऊ ना?”

कोणाच्याही पायाला पुढचे पाऊल सुचेना. लालासाहेबांनी सुनेकडे पाहिले. संयोगिता खालच्या मानेने म्हणाली, “दर तिथीला ती मागनंच येते, मामंजी. तुम्ही पुढं भटजींपाशी असायचा. मी तिला सांगायची, पुढं गर्दी असते.”

शब्द तर काल पुसून झाला होता. पण तो मुलीच्या पावलांच्या सवयीत जाऊन बसला होता आणि पोर त्याला नियम समजून पाळत होती.

रंगुबाई कोणाकडेही न पाहता तरातरा पायऱ्या चढल्या आणि घरात शिरल्या. क्षणभराने आत, दूर, मागच्या दाराची कडी खडकन पडल्याचा आवाज आला. संयोगिताचा चेहरा पांढराफटक झाला. तिने लेकीचे मनगट पकडले आणि गाडीकडे वळली. “चल बाळ.”

“थांब गं,” विजयमालाबाई कशाबशा म्हणाल्या. त्यांनाही ठाऊक नव्हते कशासाठी.

रंगुबाई पुढच्या दारात परत आल्या. श्वास फुललेला, पदर खांद्यावरून ढळलेला. धोंडुबाईच्या हातचा तांब्या त्यांनी स्वतःकडे घेतला.

“मागलं दार लावून आले मी,” त्या नातीला म्हणाल्या. “आता हितनंच यावं लागंल.”

सृष्टीने आधी आईकडे पाहिले, मग त्या उघड्या दाराकडे. रंगुबाईंनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळला, पायांवर पाणी घातले. पोर उंबऱ्याशी आली, चपला काढून हातात घेतल्या, आणि त्या कुठे ठेवायच्या म्हणून विचारले.